क्लेअरची स्वामिनी

इंग्लंडचा इतिहास शिकवितांना आम्ही मास्तर मंडळी राजांच्या लढाया व सनावळी मुलांकडून घोकून घेत असूं. त्या सनावळींत जिचें नांव कधींच आलें नाहीं, अशा एका स्त्रीची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. तिचें नांव एलिझाबेथ डी बर्ग.

तिचा जन्म १२९५ सालचा. पहिला एडवर्ड राजा हा तिचा आजा. ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट डी क्लेअर हा पिता. पिता त्याच वर्षीं वारला. १३१४ सालीं बॅनकबर्नच्या रणांत तिचा सख्खा भाऊ पडला. तो निपुत्रिक असल्यामुळें घराण्याची अफाट जहागीर तिघी बहिणींच्या वांट्यास आली. येथेंच तिच्या दुःखास प्रारंभ झाला. कारण आतां जो तो तिच्याकडे नव्हे, तर तिच्या जमिनीकडे पाहूं लागला.

पहिला पति जॉन डी बर्ग १३१३ सालींच निवर्तला होता. १३१६ सालीं थिओबाल्ड डी व्हर्डन यानें तिला ब्रिस्टलच्या किल्ल्यांतून नेऊन तिच्याशीं विवाह केला. तोही सहा महिन्यांत मरण पावला. पुढें मामानें, म्हणजे दुसऱ्या एडवर्डनें, आपल्या मर्जींतल्या रॉजर डामरीशीं तिचें लग्न लाविलें. तो १३२२ च्या बंडांत गेला. सत्ताविसाव्या वर्षीं तिसरें वैधव्य! त्यांतच सख्ख्या बहिणीचा नवरा ह्यू डिस्पेन्सर यानें वेल्समधील तिची अस्क येथील जहागीर बळकाविली. १३२६ सालीं तिनें हा सारा अन्याय गुप्तपणें लिहून ठेविला. त्याच वर्षीं डिस्पेन्सर फांसावर गेला आणि अस्क तिला परत मिळालें.

त्यानंतर तिनें लग्न केलें नाहीं. अल्स्टरचा अर्ल असलेला एकुलता मुलगा १३३३ सालीं मारला गेला, तरी तिनें कारभार सोडला नाहीं. तिच्या कारकुनांनीं लिहिलेले घरखर्चाचे हिशेब इंग्लंडच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आजही आहेत. तिच्या नातीच्या वंशांतच पुढें चौथा एडवर्ड राजा जन्मला.

परंतु तिचें खरें स्मारक केंब्रिजला आहे. १३२६ सालीं निघालेलें एक विद्यालय द्रव्याभावीं मरणोन्मुख झालें होतें. तिनें त्यास जमिनी दिल्या. तेंच आजचें क्लेअर कॉलेज. १३५९ सालीं तिनें त्याचे नियम करून दिले. महामारीनें असंख्य माणसें नेलीं, विद्येची वाण पडली, ही खंत त्यांत आहे. आणि दहा गरीब विद्यार्थ्यांच्या पोषणाची तरतूदही आहे. १३६० सालीं ती वारली. कॉलेजच्या चिन्हाभोंवतीं काळ्या काठावर अश्रुबिंदु आहेत. ते तिच्या वैधव्याचे, असें मानितात.

श्रोतेहो, मी मॅट्रिकपर्यंत पोहोंचलों तो वार लावून जेवून. माझा सोमवार जेथें असे, त्या घरच्या विधवा बाईंनीं वाढलेला भात हीच माझी शिष्यवृत्ति. त्यांचेंही नांव कोणत्याच सनावळींत नाहीं. आज एलिझाबेथविषयीं बोलतांना मला त्यांची आठवण झाली, इतकेंच.