विलासनौकेवरील सेवक : नोकर की कामगार?

(जहाजी कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त स्टुअर्ड साथीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्यापैकी अनेकांनी मालवाहू जहाजांवर घाम गाळला आहे. मी ज्या जहाजाविषयी बोलणार आहे, ते माल वाहत नाही; ते केवळ मालकाचा ऐषआराम वाहते. इंग्रजीत त्याला यॉट म्हणतात, आपण विलासनौका म्हणू. उन्हाळ्यात ती भूमध्य समुद्रात असते, हिवाळ्यात कॅरिबियन बेटांकडे जाते. २०१३ साली बांधून पूर्ण झालेली ‘अझाम’ ही अशीच एक नौका १८० मीटर लांब आहे. फुटबॉलचे एक संपूर्ण मैदान तिच्या लांबीत मावून पुष्कळ जागा उरेल. भाड्याने दिल्या जाणाऱ्या विलासनौकांवर मात्र पाहुणे बहुधा बाराच असतात. बारापेक्षा अधिक प्रवासी घेतले की आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांनुसार ते प्रवासी जहाज ठरते आणि कडक नियम लागू होतात. मोठ्या नौकेवर पाहुण्यांपेक्षा त्यांची सेवा करणारेच अधिक असतात.

ही सेवा म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळत नाही. आतल्या विभागात तीन मुख्य कामे : खोल्या, धुलाई-इस्त्री आणि जेवणाचे टेबल. पाहुणा खोलीतून बाहेर पडला की दोघांनी आत शिरायचे, पलंग नव्याने लावायचा, नळावरचा पाण्याचा एकेक डाग पुसायचा, फटींतली धूळ कापसाच्या काडीने काढायची आणि तो परतण्यापूर्वी नाहीसे व्हायचे. रात्री शेवटचा पाहुणा झोपेपर्यंत एकाने जागायचे. पहाटे पहिला पाहुणा उठण्याआधी दुसऱ्याने कॉफी तयार ठेवायची. आमची झोपण्याची जागा नौकेच्या नाकाकडे, खालच्या मजल्यावर; एका कोंदट खोलीत दोघे, एकावर एक फळ्या. आणि या सर्वांच्या वर चेहऱ्यावरचे हसू. गिरणीतल्या साचेवाल्याला मालक हसायला सांगत नाही. आमच्याकडे हसू हाही कामाचाच भाग होता, मात्र पगारपत्रकात त्याचा रकाना नव्हता.

आता मी माझीच एक चूक सांगतो. एका मोसमात सलग तीन आठवडे आम्ही दिवसाला सोळा-सतरा तास राबलो. महिनाअखेर विश्रांतीच्या तासांचा तक्ता सहीसाठी पुढे आला. त्यात रोज दहा तास विश्रांती दाखविली होती. मी सही केली. सर्वांनीच केली. सही न करणाऱ्याला पुढच्या मोसमासाठी शिफारसपत्र मिळत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक होते. दोन दिवसांनी माझ्याबरोबरची मुलगी उकळत्या पाण्याची किटली घेऊन जिन्यावर घसरली. तिचा हात भाजला. चौकशीच्या कागदावर ती ‘पुरेशी विश्रांती घेतलेली’ होती आणि त्या कागदाला माझी सही साक्षीदार होती. कॉम्रेड्स, मालकाने आमच्याकडून श्रम घेतले हे खरे; पण पुरावा आम्ही आमच्याच हाताने नष्ट केला.

कायदा काय म्हणतो? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा सागरी श्रम करार २००६ साली झाला, २०१३ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. त्यात आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुटी हा सर्वसाधारण नियम मानला आहे. परंतु मर्यादा पाहा : चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती, एवढे पाळले की पुरे. आठवड्याचे १६८ तास. त्यातून ७७ वजा केले तर ९१ तास काम कायदेशीर ठरू शकते! १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांसाठी रक्त सांडले, त्याला किती वर्षे झाली? शिवाय हा करार व्यापारी वापराच्या जहाजांना लागू आहे. मालक केवळ स्वतःसाठी ठेवतो ती नौका सर्वसाधारणपणे त्याच्या बाहेर राहते.

मग दाद कोणाकडे मागायची? नौकेची नोंद केमन बेटांसारख्या ठिकाणी, कागदावरची मालक एक कंपनी, व्यवस्थापक दुसऱ्या देशात, नेमणूक करणारा तिसऱ्या देशात. खरा मालक कोण, हे अनेकदा कप्तानालाही सांगता येत नाही. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियन धनिकांच्या नौका बंदरोबंदरी अडकविण्यात आल्या, तेव्हा जगाला ही गुंतागुंत दिसली. तरीही आपल्या हाती एक जुने हत्यार आहे. अनेक देशांच्या सागरी कायद्यात खलाशाच्या थकलेल्या वेतनाचा बोजा जहाजावरच चढतो आणि जहाज विकले तरी तो उतरत नाही. मालक लपू शकतो. नौका लपू शकत नाही. पण हा हक्क सिद्ध करायला खरा करारनामा आणि खऱ्या नोंदी लागतात.

बक्षिशीचा प्रश्नही समजून घेतला पाहिजे. भाड्याच्या सफरीनंतर पाकीट मिळते आणि वेतनाचे भांडण त्यात विरते. बक्षीस ही मर्जी आहे, वेतन हा हक्क आहे. मर्जीवर जगणारा माणूस शेजारच्या साथीकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागतो. नोकर आणि कामगार यांतला फरक नेमका इथेच आहे.

गोव्याच्या स्टुअर्डांनी ब्रिटिश जहाजांच्या भोजनगृहांत पिढ्यान्‌पिढ्या काम केले. दोन सफरींच्या मध्ये ते मुंबईत धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहात. कूड गावकऱ्यांची असे. वर्गणी सर्वांची, बाकडे सर्वांचे. आज फ्रान्सच्या आंतीब बंदरात काम शोधणारी तरुण मुले भाड्याच्या निवासांत राहतात आणि धक्क्यावर नौकेमागून नौकेला काम विचारत फिरतात. छप्पर दोन्हीकडे आहे, पण कुडीत बातमी फिरे : कोणता मालक बुडवा, कोणत्या जहाजावर जायचे नाही. ती बातमी हीच संघटनेची पहिली वीट.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. नोकरी मिळवून देण्यासाठी जो पैसे मागतो त्याला एक रुपयाही देऊ नका. करारानुसार ती वसुली निषिद्ध आहे, खलाशावर पडू शकतो तो केवळ पारपत्र, खलाशी पुस्तिका आणि वैद्यकीय दाखल्याचा खर्च. एजंटाला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, ते पाहा. करारनाम्याची प्रत घरी ठेवून मगच निघा. आपल्या तासांची वेगळी वही रोज लिहा. युनियनचे सभासदत्व निघण्यापूर्वी घ्या. भर समुद्रात ते आठवून उपयोग नाही. आणि खोट्या तक्त्यावर सही करण्याची वेळ आली, तर एकट्याने नकार देऊ नका. आधी आपल्या विभागातल्या सर्वांशी बोला आणि मग सर्वांनी मिळून नकार द्या.

मला ते त्या दिवशी जमले नाही. त्या मुलीचा हात बरा झाला, पण पुढच्या मोसमात तिला कोणी कामावर घेतले नाही. तुमच्यापैकी जो कोणी उद्या त्या जिन्यावरून चालेल, त्याच्याजवळ खरी वही असावी, एवढ्यासाठी मी आज इथे उभा आहे.