नोकरीच्या प्रतीक्षेतील वर्षे

(वैभववाडी येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोकरी शोधणाऱ्याला मराठीत ‘उमेदवार’ म्हणतात. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ उमेद बाळगणारा असा आहे. पूर्वी कचेरीत पुढेमागे जागा मिळेल या आशेने बिनपगारी काम करीत राहणाऱ्यासही उमेदवारच म्हणत आणि त्या काळास उमेदवारी. त्या उमेदवारीत वेतन नव्हते. परंतु सकाळी जाण्याचे ठिकाण होते, शिकण्याजोगे काम होते आणि चार माणसांची ओळख होत होती. आजच्या उमेदवाराजवळ अर्जाचा क्रमांक असतो, परवलीचा शब्द असतो, परीक्षाशुल्क भरल्याची पावती असते. सकाळी उठून जाण्याचे ठिकाण तेवढे नसते. पूर्णवेळ नोकरीचा शोध लांबला म्हणजे माणसाचे नेमके काय होते आणि त्यातून त्याला सावरता कसे येईल, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या वैभववाडी तालुक्याला प्रतीक्षा नवी नाही. करूळ आणि भुईबावडा हे घाट चढले की कोल्हापूर जिल्हा लागतो. पण येथील घराघरांचे लक्ष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकडे लागलेले असे. गिरणीत चिकटलेला काका किंवा मामा गावच्या मुलाला घेऊन जाई. तो मुलगा लगेच कायम होत नसे. ‘बदली’ कामगार म्हणून त्याला रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दाराशी उभे राहावे लागे. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर माघारी. ही प्रतीक्षाही वर्षानुवर्षे चाले आणि तीत अपमान पुष्कळ होता. मात्र माघारी फिरलेला मुलगा गाववाल्यांच्या खोलीत परत येई. तेथे त्याच्यासारखेच आणखी दहाजण असत आणि कोणी कोणास कारण विचारीत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या हळूहळू बंद होत गेल्या व ते दार कायमचे लागले. कोकणात येणाऱ्या मनीऑर्डरी आटल्या. ज्यांनी स्वतः ते दिवस पाहिले, त्यांनी आपल्या मुलांना एकच गोष्ट बजावली: शिका, म्हणजे असे दारात उभे राहावे लागणार नाही.

मुले शिकली. दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून राज्यात सातत्याने अग्रस्थानी आहे. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. जनगणनेचे आकडे मात्र वेगळे बोलतात. २००१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. जी मुले बाहेर गेली, ती गेली. येथे विचार करावयाचा आहे तो मुख्यतः येथेच राहून, किंवा पुण्या-कोल्हापुरात खोली घेऊन, जाहिरातीची वाट पाहणाऱ्यांचा.

त्यांतही डी.एड. झालेल्यांची कथा मन लावून पाहण्याजोगी आहे. बारावीनंतर दोन वर्षांची पदविका आणि मग जिल्हा परिषदेची शाळा, असा सरळ मार्ग एकेकाळी होता. २००० पासून शिक्षणसेवक योजना आली व पहिली तीन वर्षे मानधनावर काढणे आले. तरी पुढे कायम होण्याची खात्री होती. घरातील एखादी जमीन गहाण पडली तरी चालेल, पण मुलीला डी.एड.ला घालू, असे म्हणणारे पालक अनेक गावांत होते. २०१० मध्ये शिक्षणसेवक निवडीची केंद्रीय परीक्षा झाली आणि त्यानंतरची अभियोग्यता चाचणी झाली ती २०१७ मध्ये. मधली सात वर्षे या पदविकाधारकांनी कशी काढली असतील? विसाव्या वर्षी पदविका घेतलेली मुलगी सत्ताविशीत पोहोचली. काहींनी तासिका तत्त्वावर शिकवले, काहींनी खाजगी शिकवण्या घेतल्या, कोणी काजूच्या कारखान्यात हिशेब लिहिले. चाचणी पुन्हा झाली ती थेट २०२३ मध्ये.

इतर भरतीचेही तसेच. जिल्हा परिषदांतील १३,५२१ पदांची जाहिरात मार्च २०१९ मध्ये निघाली. ती प्रक्रिया पूर्ण न होता रद्द झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १९,४६० पदांसाठी नव्याने अर्ज मागविण्यात आले. दरम्यान महामारी आली, वयोमर्यादा ओलांडण्याच्या भीतीने उमेदवार हैराण झाले आणि २०२३ मध्ये शासनाने वयात दोन वर्षांची तात्पुरती सवलत दिली. त्याच वर्षी तलाठ्याच्या ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांमागे सुमारे पावणेअठरा लाख अर्ज होते.

हे आकडे शासनाच्या कागदावर राहतात. घराघरांत ते पोहोचत नाहीत. तलाठ्याच्या एका जागेमागे सव्वादोनशेच्या आसपास अर्ज होते, हे वडिलांना ठाऊक नसते. त्यांना एवढेच दिसते की, शेजारच्याचा मुलगा लागला आणि आपला राहिला. उमेदवारही पुढे पुढे तोच हिशेब धरू लागतो. पहिल्या वेळी ‘दोन गुणांनी गेले’ असे तो सांगतो, तिसऱ्या वेळी निकालाबद्दल बोलतच नाही. अपयशाचा मोठा वाटा जागांच्या संख्येचा आहे आणि लहान वाटा स्वतःच्या तयारीचा, हे त्याला कोणीतरी, शक्यतो त्याच्या जुन्या शिक्षकाने, कागदावर गुणोत्तर मांडून दाखविले पाहिजे. यात खोटा दिलासा नाही. तयारीचा जो लहान वाटा आहे, तो सुधारता येतो. आणि उरलेल्या वाट्यासाठी स्वतःला दोष देत बसण्यात जी शक्ती जाते, ती वाचते.

काम नसलेल्या माणसाचे काय होते, याचा एक फार जुना आणि अजूनही मार्गदर्शक ठरणारा अभ्यास ऑस्ट्रियातील मारिएन्‌थाल या गावात झाला. तेथील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल या तरुण संशोधकांनी गावाचे बारकाईने निरीक्षण करून १९३३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आता वेळच वेळ असल्यामुळे लोक अधिक वाचतील, सभासंमेलनांत भाग घेतील, असे कोणालाही वाटले असते. घडले उलटे. गावच्या ग्रंथालयातून वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या सुमारे निम्म्यावर आली. रस्त्याने जाणारे पुरुष पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागले, मध्येच थांबू लागले. सकाळपासून दुपारपर्यंत काय केले, हे अनेकांना नीट सांगता येईना. याहोदाबाईंनी पुढे या अनुभवाचा अर्थ असा लावला की, नोकरी पगाराखेरीज आणखी काही देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही जाणीव, समाजातील स्थान आणि हातपाय हलते ठेवण्याची सक्ती. नोकरी गेली किंवा मिळालीच नाही, म्हणजे या सर्व गोष्टी एकदम हिरावल्या जातात.

मारिएन्‌थालच्या स्त्रिया मात्र पुरुषांइतक्या मंदावल्या नव्हत्या, कारण चूल आणि मुले यांनी त्यांचा दिवस बांधलेला होता. वैभववाडीच्या संदर्भात याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागेल. डी.एड. झालेली सून घरकाम करते, म्हणून तिला कोणी बेकार म्हणत नाही. आणि बेकार म्हणत नाहीत, म्हणून तिला अभ्यासासाठी दोन तास मोकळे ठेवावे असेही कोणाला वाटत नाही. भरतीची जाहिरात येते तेव्हा भातलावणी चालू असते. अर्जाची शेवटची तारीख निघून जाते. अशा कित्येक पदविका ट्रंकेत पडून आहेत.

तेव्हा धीर धरा, एवढा उपदेश पुरेसा नाही. धीर धरण्यासाठी दिवसाची घडण लागते. ज्या उमेदवारांनी ही वर्षे तुलनेने निभावली, त्यांच्या वागण्यात एक गोष्ट सहसा आढळते: त्यांनी मिळेल ते अर्धवेळ काम लहान मानले नाही. चार तासिका असोत, दूध संकलनाचा हिशेब असो की काजूच्या हंगामातील खरेदी असो, त्या कामामुळे सकाळी अंघोळ करून बाहेर पडावे लागते आणि महिनाअखेरीस परीक्षाशुल्क वडिलांकडे मागावे लागत नाही. २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत एका पदाच्या अर्जाचे शुल्क खुल्या गटासाठी १,००० रुपये होते. परीक्षाकेंद्र पुण्याला आले तर प्रवास आणि मुक्काम निराळाच. हा पैसा मागताना जी मान खाली जाते, तिची नोंद कोणत्याही सांख्यिकीत होत नाही.

अर्थात अर्धवेळ कामाचाही एक धोका आहे आणि तो लपविणे योग्य नव्हे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. कार्यालयात रोज जाण्याचा अनुभव अनेकांना त्यातून प्रथमच मिळाला. परंतु मुदत ठरलेली होती, आणि कायम करतील या आशेवर काहींनी त्या काळात अन्य अर्जच केले नाहीत. अशा कामावर रुजू होणाऱ्याला पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याने मुदत स्पष्ट सांगावी आणि अखेरीस केलेल्या कामाचे नीट वर्णन असलेले प्रमाणपत्र द्यावे. ‘काम समाधानकारक’ या दोन शब्दांनी कोणाचेही पुढे काही होत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. स्पर्धा परीक्षेसाठी राज्य सेवेची वयोमर्यादा खुल्या गटास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ वर्षे आहे. मर्यादा सैल आहे म्हणून आयुष्य तेथवर ताणावे असे नाही. किती वर्षे पूर्ण शक्तीने तयारी करावयाची, हे घरातील माणसांसमोर बसून ठरवावे आणि त्या तारखेनंतरचा मार्गही त्याच दिवशी ठरवावा. त्या तारखेस परीक्षा सोडली तर ती हार मानू नये. उलट, तारीख ठरलेली असली की, घरचेही मधल्या काळात रोजच्या रोज विचारणा करीत नाहीत, असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे.

आणि विचारणेचा विषय निघालाच आहे, तर गणपतीचे दिवस आठवावेत. चाकरमानी गावी येतात, आरतीला घरे भरतात, आणि अंगणात उभ्या असलेल्या मुलाला प्रत्येकजण मायेनेच विचारतो, “काय रे झिला, खंय लागलंस?” विचारणाऱ्याच्या मनात काही नसते. पण दहा घरांच्या आरत्या म्हणजे दहा वेळा तेच उत्तर. कोकणातला मुलगा गणपतीला येण्याचे टाळू लागला तर घरच्यांनी ते साधे समजू नये. झोप उडणे, जेवण तुटणे, मित्रांचे फोन न घेणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे वारंवार म्हणणे, ही लक्षणे दिसली तर देवदेवस्की आणि उपदेश यांवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतून बोलता येते आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर हा क्रमांक लिहिण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही.

फलकावरून आणखी एक. भरतीविषयी गावात जितक्या अफवा फिरतात, तितक्या क्वचितच अन्य विषयावर फिरत असतील. ‘यादी लागली’, ‘पैसे भरले तर काम होते’, ‘या वेळी स्थानिकांनाच घेणार’, अशा वार्तांवर उमेदवाराची आठवड्याची झोप जाते आणि दलालांचे फावते. खरी जाहिरात, तिची शेवटची तारीख आणि संकेतस्थळ यांची एक छापील प्रत दर सोमवारी फलकावर लावणे हे काम लहान आहे, पण त्याने फसवणूक टळते. ग्रामपंचायतीत संगणक आहे, मुद्रकयंत्रही बहुतेक ठिकाणी आहे.

राहता राहिला जागेचा प्रश्न. बऱ्याच ग्रामपंचायतींच्या इमारतीतील एखादी खोली सायंकाळी कुलूपबंद होते. शाळांच्या खोल्या तर पाचनंतर रिकाम्याच असतात. आठ-दहा खुर्च्या, दोन दिवे, एक पंखा, वर्तमानपत्र आणि गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका एवढ्यावर अभ्यासिका उभी राहते. किल्ली दोन उमेदवारांच्या स्वाधीन करावी, त्यांपैकी एक मुलगी असावी, आणि मुलींसाठी दुपारची वेळ राखावी, कारण सायंकाळी त्यांना घर सोडता येत नाही. विजेच्या बिलाचा विषय ग्रामसभेत मांडता येईल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेनंतर काही आठवड्यांत गणपती येतात. तोवर खोली उघडली, तर पुण्याहून आलेल्या मुलाला आरत्यांच्या मधल्या वेळात बसायला जागा होईल.