वाचलं म्हणजे आलं, असं नसतं

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं आटोपशीर करून)



'एपी परीक्षांचा अभ्यास' या विषयावर बोलशील का, असं कार्यकारिणीने विचारलं तेव्हा मला हसूच आलं. मी काही शिक्षक नाही. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, पोटापाण्यासाठी कन्सल्टिंग करतो, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी मला गणितात केटी लागली होती. ही बातमी माझ्या सासरच्या मंडळींनाही आजच कळतेय!

बारावीला मी पहाटे चारला उठायचो. पुस्तक तीन-तीनदा वाचायचो, 'एकवीस अपेक्षित' पाठ करायचो. मार्क मिळाले, घरी पेढे वाटले. मग इंजिनिअरिंगला तोच मंत्र चालवला आणि आपटलो. सोडवलेलं गणित वाचताना सगळं समजायचं. कोरा कागद समोर आला की हात चालायचा नाही. माझा रूममेट म्हणाला, "अरे, तू गणित वाचतोस. सोडवत कुठे आहेस?"

हे मी विसरून गेलो होतो. ते आठवलं २०२५ च्या मार्चमध्ये, माझ्या भाचीमुळे.

ती तेव्हा ज्युनिअर, म्हणजे अकरावीत. कॅल्क्युलस, केमिस्ट्री आणि अमेरिकन इतिहास असे तीन एपी घेतलेले. शाळेच्या सराव परीक्षेत इतिहासात ५ पैकी २ आले. ताईने मला फोन केला, "तू जरा बोल तिच्याशी." मी तिला शाळेतून आणायला गेलो आणि गाडीत बसल्याबसल्या सुरू झालो, "आम्ही बारावीला पहाटे चारला उठायचो..." ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मामा, मी पण एकलाच झोपते. पुस्तक तीनदा वाचलंय. आय थिंक आय ॲम जस्ट नॉट स्मार्ट."

मंडळी, पोटात गोळा आला माझ्या. पोरगी आळशी नव्हती. ती माझीच चूक करत होती, आणि मी तिला तीच चूक जास्त जोरात कर म्हणून सांगत होतो.

आमच्या धंद्यात टेस्टिंग न करता कोड प्रॉडक्शनला पाठवला तर नोकरी जाते. मुलं मात्र थेट मे महिन्यातच स्वतःला टेस्ट करतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तर चित्र उलटं झालं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात साधारण ५६ टक्के राहिलं होतं, पुन्हा वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. वाचल्यावर 'येतंय' असं वाटतं, ते फसवं असतं ते असं.

म्हणून आम्ही दोन नियम केले. पहिला, पुस्तक मिटून आठवायचं. धडा झाला की कोऱ्या कागदावर लिहायचं, मगच पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरायचं. तोच धडा दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. दुसरा नियम, चुकांची वही. चूक का झाली ते एका ओळीत लिहायचं: कल्पनाच कळली नाही, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ पुरला नाही? तिन्हींवरचे उपाय वेगळे असतात. 'सिली मिस्टेक' हा शब्द त्या वहीत चालणार नाही असं ठरलं.

आता विषयांकडे वळू, कारण सगळ्या विषयांना एकच औषध लागू पडत नाही.

कॅल्क्युलसमध्ये उत्तराइतकीच रीत महत्त्वाची. लेखी भागात सहा प्रश्न असतात, प्रत्येकी ९ गुणांचे. पहिले दोन कॅल्क्युलेटरसह, उरलेले चार कॅल्क्युलेटरशिवाय. नुसतं उत्तर लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं. शिवाय एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने करण्यापेक्षा वेगवेगळ्या धड्यांतली मिसळून करा. परीक्षेत कुठली रीत लावायची हे वर कोणी लिहून ठेवत नाही ना!

केमिस्ट्रीत सूत्र पाठ असूनही गाडी अडते ती 'का?' या प्रश्नावर. अणूचा आकार का वाढला, उत्कलनबिंदू का चढला, हे दोन-तीन वाक्यांत सांगता यायला हवं. भाची ते मला फोनवर मराठीत समजवायची. तिचं मराठी आणि माझं केमिस्ट्री, दोन्ही सुधारलं.

इतिहासात सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे सनावळ्या. कागदपत्रांवर आधारित निबंधाला सात दस्तऐवज आणि एक तास मिळतो, त्यातली १५ मिनिटं वाचनासाठी सुचवलेली. एकूण गुणांत त्याचा वाटा २५ टक्के. त्याचे ७ गुण कशाकशाचे हे आधीच जाहीर असतं: स्वतःचा मुद्दा, पार्श्वभूमी, पुरावे, विश्लेषण. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न, गुणदानाचे निकष आणि नमुना उत्तरंही वेबसाइटवर फुकट ठेवतं. भाचीने दर रविवारी घड्याळ लावून एक निबंध लिहिला आणि निकष समोर ठेवून स्वतःच तपासला. पहिल्या रविवारी ७ पैकी २. तिला सगळी माहिती होती, पण मुद्दाच मांडलेला नव्हता!

दोन व्यावहारिक गोष्टी. चुकीच्या उत्तराला गुण कापणं २०११ पासून बंद आहे, तेव्हा पर्यायी प्रश्न कोरा सोडू नका. आणि मे २०२५ पासून बरेच पेपर 'ब्लूबुक' या ॲपवर होतात. इतिहासाचा निबंध टाइप करायचा असतो. कॅल्क्युलस, केमिस्ट्रीची लेखी उत्तरं मात्र हातानेच लिहायची. सरावही तसाच करा.

आणि झोप! आठवून लिहायला ताजं डोकं लागतं. पुस्तक कितीही बाकी असलं तरी अकराला दिवा बंद, हा नियम ताईने केला. ज्या बाईने मला दहावीला रात्री चहा करून जागवलं, तिने! त्याला काय लागलं असेल ते मला माहीत आहे.

जुलैमध्ये निकाल लागला. कॅल्क्युलस ५, इतिहास ४, केमिस्ट्री ३. ताई फोनवर जरा थांबली आणि म्हणाली, "केमिस्ट्री..." मी म्हटलं, "ताई, इतिहास २ चा ४ झालाय, आधी ते बोल." अनेक सरकारी विद्यापीठं ३ लाही क्रेडिट देतात, नामांकित कॉलेजं बहुधा ४ किंवा ५ मागतात, ज्याचा त्याचा नियम बघून घ्यावा. पण मला त्या दिवशी महत्त्वाचा वाटला तो भाचीचा मेसेज: "मामा, सो इट वॉज द मेथड. नॉट मी."

पालकांनो, एवढीच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी मागे पडली तर 'किती तास बसलास?' असं विचारू नका. 'पुस्तक मिटून काय काय आठवलं, सांग बघू मला' असं विचारा. आणि मग पाच मिनिटं गप्प बसून ऐका. हा भाग आपल्याला सगळ्यात अवघड जातो, स्वानुभवाने सांगतो.