जगाची काळजी आणि आमचं गायरान

(मानवी हक्क दिनी, १० डिसेंबर १९९७ रोजी जत येथील सभेत केलेले भाषण)



१९४८ साली आजच्याच दिवशी संयुक्त राष्ट्रसंघानं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्या सरकारनं बाजूनं मत दिलं. त्याआधी १९४६ साली विजयालक्ष्मी पंडितांनी दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांवरचा अन्याय तिथं मांडला होता. आपल्या देशानं त्या सरकारशी व्यापार तोडला. काळ्या माणसाला आपल्याच मुलखात पास घेऊन फिरावं लागतं, याविरुद्ध आपलं सरकार जगभर बोललं. चांगलंच केलं. १९९४ ला मंडेला निवडून आले तेव्हा आम्हालाही आनंद झाला.

पण आमचा एक सवाल हाय. १९४६ साली आमचे पारधी आजे काय करत होते? हजेरी देत होते! गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मलेल्या पोरालाच गुन्हेगार ठरवलं होतं. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, बाहेर जायला पास लागायचा. हा कायदा मुंबई इलाख्यात १९४९ ला गेला, देशभरातनं ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे जाहीरनाम्याला हात वर झाला तेव्हा आमच्याभोवतीची तार तशीच होती.

कायदा गेला, संशय गेला नाही. कुठंबी चोरी झाली की गाडी आधी पालावर येती. कलम ९ सांगतं, मनमानी अटक करायची नाही. कलम १७ सांगतं, कुणाची मालमत्ता मनमानीनं काढून घ्यायची नाही. आमची ही दोन्ही दुखणी एकच हायत. जमीन नाही म्हणून ठावठिकाणा नाही, ठावठिकाणा नाही म्हणून संशय. म्हणून आम्ही म्हणतो, सातबारा हाच आमचा मानवी हक्क!

१९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची ठरलं. तवा अतिक्रमणाच्या दंडाची पावती चुलीत घालू नका. तीच कसणुकीचा पुरावा हाय. आणि कुणाला धरून नेलं तर २४ तासांत कोर्टापुढं उभं केलंच पाहिजे. अटकेचा कागद मागा, त्यावर साक्षीदाराची सही बघा. गेल्या वर्षीच सुप्रीम कोर्टानं तसं बजावलंय.

सरकारनं जगाची काळजी जरूर करावी. फक्त दिल्लीहून जिनिव्हाला जाताना एकदा जतच्या माळावर उतरावं. आम्ही पाणी देऊ, आणि पावत्या दाखवू.

कसेल त्याची जमीन! जिंदाबाद!