गाडीचा जुना अंक

आम्ही पाटण तालुक्यात बचत गटांचं काम पाहणाऱ्या सहयोगिनी. एरवी या कार्यक्रमात आम्ही पापडाचं पॅकिंग, बँकेचा कर्ज प्रस्ताव नाहीतर हिशेबाची रजिस्टरं यांवर बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. फोनवर वाचायची मोटारींची मासिकं. "दारात सायकल नाही आणि या बाया मोटारी कसल्या सांगतायत," असं कुणी म्हणेल. पण ऐका, गटाच्या पैशाशीच त्याचा संबंध आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंनी गाडीसाठी कर्ज मागितलं. त्यांच्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीन वेळा, कऱ्हाडला. जाऊन येऊन ७० किलोमीटर. मालक मुंबईला कामाला, आपल्याकडच्या निम्म्या घरांसारखंच. सासूबाईंना एसटीची पायरी चढवत नाही, आणि परत येताना तर अंगात त्राणच नसतं. भाड्याच्या गाडीत घरची कमाई चालली होती. ताई ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन गाडी शिकल्या, लायसन काढलं, आणि सेकंडहँड गाडी घ्यायची म्हणून गटापुढे अर्ज ठेवला.

कर्ज मागणारी एक, पण पैसा दहाजणींचा. बैठकीत पहिला प्रश्न हप्त्याचा निघालाच नाही. प्रश्न निघाला की ही गाडी धड आहे हे सांगणार कोण? विकणारा दादा सांगणार, "वहिनी, डोळे झाकून घ्या." फिटर इंजिनाचा आवाज ऐकून सांगेल, तेही खरंच, पण या कामाला ही गाडी बरी का ती, हे त्याला विचारलं तर तो स्वतःला आवडणारी सांगणार. घरातले पुरुष रंग आणि कंपनी बघतात. आम्ही म्हटलं, गाड्या तपासणं हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांनी काय लिहून ठेवलंय ते आधी वाचू.

मोटारींवर मासिकं काढायची रीत फार जुनी. इंग्लंडात 'ऑटोकार' निघालं ते १८९५ साली, तेव्हा तिथल्या रस्त्यावर मोटारी हातावर मोजण्याइतक्या होत्या. म्हणजे गाडी नसलेल्यांनी गाडीबद्दल वाचायचं हे पहिल्यापासूनचंच आहे. आपल्याकडे 'ओव्हरड्राइव्ह' १९९८ मध्ये आणि 'ऑटोकार इंडिया' १९९९ मध्ये सुरू झालं. इंग्रजी मासिकं, गुळगुळीत कागद, आणि आपल्या तालुक्याच्या स्टॉलवर क्वचितच दिसणारी. आता तीच फोनवर मिळतात. मॅग्झटरसारख्या ॲपवर एका वर्गणीत अशी कितीतरी मासिकं वाचता येतात, आणि चालू अंकाबरोबर मागचे अंकही उघडतात.

आम्हाला विचाराल तर खरा माल त्या मागच्या अंकांत आहे. चालू अंकाच्या मुखपृष्ठावर पन्नास लाखांची गाडी चमकत असते. ती बघायला छानच वाटतं. पैठणीच्या दुकानासमोरून जाताना आपण काचेतून बघतोच की, घ्यायची असते असं थोडंच आहे. पण आपल्यासारख्यांच्या दारात जी गाडी येते ती आठ-दहा वर्षं वापरलेली. ती नवी होती तेव्हा तपासणाऱ्यांनी तिच्याबद्दल काय लिहिलं होतं, ते छापील अंकांच्या काळात रद्दीत गेलेलं असायचं. आता गाडीचं नाव टाकून शोधलं की २०१५ चा अंक समोर येतो.

ताईंनी हे सगळं वाचलं कुठे, तर दवाखान्यात. डायलिसिसला चार तास लागतात. सासूबाई आत आणि ताई बाहेर बाकावर. घरी सिग्नल अर्धवट, म्हणून कऱ्हाडला असतानाच अंक डाउनलोड करून ठेवायचे. छापील पानाचं चित्र फोनवर फार बारीक दिसतं. फोन आडवा धरून अक्षरं मोठी करावी लागतात. काही ॲपमध्ये नुसता मजकूर मोठ्या अक्षरांत उघडायची सोय असते, ती डोळ्यांना बरी. इंग्रजी अडलं की पानाचा फोटो काढून फोनकडूनच भाषांतर करून घ्यायचं. त्यात गंमतीही झाल्या. 'बूट स्पेस' म्हणजे आपली डिकीतली जागा. फोनने भाषांतर केलं 'बुटाची जागा'. बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "चपला ठेवायला एवढी ३०० लिटरची जागा कशाला?" तर असं. न समजलेल्या शब्दांची यादी करायची आणि बैठकीत आम्ही बसून ते सोडवायचे, असे चार आठवडे गेले.

सगळ्यात आधी हिशेब बदलला तो मायलेजचा. विकणारा सांगत होता, लिटरला २२. तो आकडा खोटा नव्हता, कंपनीचाच होता. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीची अधिकृत चाचणी होते. ती रोलरवर, ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या वेळात होते. तिथे खड्डा नाही, चढ नाही, समोर उसाची ट्रॉली नाही. मासिकवाले तीच गाडी शहरात आणि हायवेवर प्रत्यक्ष चालवून दोन वेगळे आकडे देतात. जुन्या अंकात शहर आणि हायवे धरून सरासरी १६ च्या आसपास निघाली. आता महिन्याचे साधारण ९०० किलोमीटर धरा. २२ ने भागलं तर ४१ लिटर, १६ ने भागलं तर ५६. पंधरा लिटरचा फरक, म्हणजे दीड हजाराच्या वर रुपये, दर महिन्याला. हप्ता ठरवताना हे पैसे कुणी धरलेच नव्हते. आम्ही कर्जाची मुदत वाढवली आणि हप्ता तेवढा कमी बसवला.

दुसरी गोष्ट एअरबॅगची, ती जास्त महत्त्वाची. दादा म्हणाले, "एअरबॅग आहेत." जुन्या अंकात शेवटी एक तक्ता असतो, त्याच गाडीच्या कुठल्या प्रकारात काय मिळतं त्याचा. खालचा, मधला, वरचा, असे तीन प्रकार. एअरबॅग फक्त वरच्यात होत्या, आणि समोर उभी होती ती मधली. ताईंनी जाऊन स्टिअरिंगच्या मधल्या भागावर बघितलं. एअरबॅग असेल तर तिथे तसं लिहिलेलं असतं. तिथे काहीच नव्हतं. दादा म्हणाले, "अहो, गावात कशाला लागतात?" तो सौदा तिथेच संपला.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. ड्रायव्हरपुढची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ पासून. शेजारच्या सीटपुढची नव्या मॉडेलना एप्रिल २०२१ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ती असेलच असं नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांचे खालचे प्रकार मुद्दाम आपटून बघितले. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेत पाचांनाही शून्य तारे मिळाले. सरकारची स्वतःची तारे देण्याची पद्धत, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. म्हणून आज टीव्हीवर "पाच तारे" ऐकून त्याच नावाची दहा वर्षांपूर्वीची गाडी तशीच मजबूत समजू नका. नाव तेच राहतं, आतला सांगाडा बदललेला असतो. कुठल्या सालची, कुठल्या प्रकारची, एवढं विचारून मगच पुढे बोला.

टायरचंही मासिकातल्याच एका पानावरून कळलं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ०९२२ म्हणजे २०२२ चा नववा आठवडा. पुढच्या एका गाडीचे टायर "आत्ताच घातलेत" म्हणून सांगितले होते. आकडे निघाले ३६१७. नक्षी खोल दिसत असली तरी रबर पडून पडून कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. चार टायरांचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. आता आमच्या गटातल्या बायका लग्नाला गेल्या तरी मांडवाबाहेरच्या गाड्यांचे टायर वाचतात. घरच्यांना वाटतं यांना झालंय तरी काय!

या मासिकांतला आम्हाला सगळ्यात आवडलेला भाग वेगळाच आहे. तिथले लोक एखादी गाडी काही महिने स्वतःजवळ ठेवतात, हजारो किलोमीटर चालवतात आणि दर अंकात थोडं थोडं लिहितात. सर्व्हिसिंगला किती खर्च आला, काय खडखडतं, मागे बसून आईची पाठ दुखली का, असं. एका दिवसाच्या चाचणीत गाडी पाहुणीसारखी वागते, सहा महिन्यांत तिचे खरे गुण दिसतात. सुनेचंही तसंच म्हणतात, पण ते जाऊ द्या. वाचकांचे प्रश्नही असतात: बजेट इतकं, घरात म्हातारी माणसं, रोजचा प्रवास इतका, कुठली घेऊ? अशा एका उत्तरातून आम्हाला सीटच्या उंचीचा मुद्दा मिळाला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट फार खाली असली तर बसताना पडल्यासारखं होतं आणि उठताना ओढावं लागतं. उंच बांध्याच्या छोट्या गाडीत खुर्चीवर बसावं तसं बसता येतं. मग गटाने अटच घातली की गाडी पसंत करायची ती सासूबाईंना आत बसवून. दोन गाड्या त्यांनी नापास केल्या. तिसरीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

भाबडेपणाने वाचू नका, एवढं मात्र सांगायला हवं. मासिकाचं पोट जाहिरातींवर भरतं. काही पानं लेखासारखी दिसतात आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत जाहिरात असल्याचं लिहिलेलं असतं. चाचणीला येते ती नवी कोरी गाडी, बहुतेक वेळा कंपनीनेच पाठवलेली. तुमच्या समोरची गाडी कुणी कशी वापरली हे मासिक सांगू शकत नाही. त्यासाठी फिटर लागतोच, आणि कागदपत्रं तपासावी लागतातच. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. वर्गणीचंही बघा. "पहिला महिना फुकट" म्हणून कार्डाचा नंबर घेतात आणि पुढच्या महिन्यापासून पैसे आपोआप कापले जातात. आमच्या ताईंनी एकच महिन्याची वर्गणी भरली, हवे ते अंक वाचून पानाचं पान वहीत उतरवलं आणि वर्गणी बंद केली. व्हॉट्सॲपवर फुकट फिरणाऱ्या पीडीएफच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्या चोरीच्या असतात आणि त्यांतल्या लिंकवरून फोन लुबाडला जाऊ शकतो.

गाडी घेऊन आता आठ महिने झाले. हप्ते वेळेवर येतायत. ताई परवाच्या बैठकीत नवाच प्रश्न घेऊन आल्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना ते चालतं का, मायलेज किती घटतं? अलीकडच्या अंकांत यावर बरंच आलंय. गाडीच्या मूळ पुस्तिकेत कितीपर्यंत इथेनॉल चालतं ते बघायचं आणि पाइप दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यायचे, एवढं त्यांनी वाचून ठरवलंय. दर वेळी टाकी भरली की किलोमीटर आणि लिटर वहीत लिहितात. मागच्या महिन्याचा आकडा १५.४ आला. गटाच्या हिशेबात आम्ही १६ धरला होता, तो पुढच्या बैठकीत बदलून घेणार आहोत.