सात सेंटीमीटर
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला खेळावर बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. गेली बरीच वर्षं मी शालेय स्पर्धांत वेळाधिकारी म्हणून काम करते, तेव्हा वेळ पाळणं भाग आहे. ही पाच मिनिटं मी पी. टी. उषासाठी वापरणार आहे. आपल्या पिढीत जोरात पळणाऱ्या प्रत्येक मुलीला ‘काय गं, पी. टी. उषा का?’ असं विचारलं जायचं, हे इथल्या मैत्रिणींना आठवत असेलच.

८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस. महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच होत होती. मोरोक्कोची नवल अल मुतवकिल पहिली आली. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या कोजोकारूची वेळ ५५.४१ सेकंद आणि उषाची ५५.४२. हातातल्या स्टॉपवॉचवर एवढ्या फरकाचा निर्णय देताच येत नाही, तो फोटो फिनिशवरच लागतो. तिच्या सरासरी वेगाने हिशोब केला तर अंतर सुमारे सात सेंटीमीटर भरतं. आपल्या कंपासपेटीतली पट्टी याच्या दुप्पट होती!

हे सात सेंटीमीटर कुठे गेले? रेषेवर छाती पुढे झोकण्यात ती कमी पडली, असं सगळे सांगतात. उषाने स्वतः मुलाखतीत वेगळी गोष्ट सांगितली आहे. तिथलं जेवण जाईना, म्हणून तिने भाताची पेज आणि लोणच्यावर दिवस काढले. शेवटच्या टप्प्यात ताकद कमी पडली, ती तिथे.

तिची गोष्ट मात्र इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सुवर्ण आणि एक कांस्य मिळवलं. १९८६ च्या सेऊल एशियाडमध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य. १९८८ च्या ऑलिम्पिकला टाचेच्या दुखापतीने घात केला. लग्न झालं, मूल झालं, आणि १९९८ साली चौतिसाव्या वर्षी फुकुओकाला ती पुन्हा आशियाई पदकं घेऊन आली. १९८४ ची ती ५५.४२ सेकंदांची वेळ गाठायला भारतीय मुलीला ३९ वर्षं लागली. २०२३ मध्ये हांगझोऊला विद्या रामराजने तिची बरोबरी केली.

सर, बाई, आता तुमच्यासाठी. पय्योळीच्या या किडकिडीत मुलीला घडवलं ते ओ. एम. नंबियार यांनी. हवाई दलात नोकरी केलेला हा माणूस कण्णूरच्या मुलींच्या क्रीडाशाळेत प्रशिक्षक होता. मुली जमवायच्या, रोज मैदानावर उभं राहायचं आणि कोण कशी पळते ते बघायचं, हेच त्यांचं काम. पुढे उषानेही तेच केलं. तिने शाळा काढली आणि तिथून टिंटू लुका आशियाई विजेती झाली.

मी एवढं का सांगते आहे? आज दुपारी आपण शाळेला काय भेट द्यायची ते ठरवणार आहोत. प्रवेशद्वाराला कमान बांधावी, असा एक प्रस्ताव आहे. माझी विनंती वेगळी आहे. मैदान सपाट करून घेऊ, उडीच्या खड्ड्यात वाळू टाकू, अडथळ्यांचा एक संच घेऊ. वर्षभर रोज संध्याकाळी येणाऱ्या एका प्रशिक्षकाचं मानधन आपल्या तुकडीने उचलावं. सरावानंतर मुलांना केळी आणि उकडलेली अंडी मिळावीत. मैदानावर येणाऱ्या कित्येक पोरी सकाळी नुसत्या चहावर आलेल्या असतात, हे मी दर हंगामात बघते.

कमानीवर आपली नावं येतील, हे खरं. या कामात कुठेच येणार नाहीत. तरी दुपारी हात वर करताना याचा विचार करा.

माझी पाच मिनिटं झाली.