घरांतील सामाईक कोठी

गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक मोठा शोध चालला होता. मातोश्रींनीं म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या थोरल्या बंधूंनीं कॅसेटवर उतरून घेतल्या होत्या, आणि कॅसेट झिजूं लागली तेव्हां त्या संगणकांतही घेतल्या होत्या. मातोश्रींच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं त्या सर्वांनीं मिळून ऐकाव्या असें ठरलें, आणि पाहतों तों त्या कोणापाशींच सांपडेनात! बंधूंची समजूत, त्या माझ्यापाशीं आहेत. माझी समजूत, त्या बहिणीपाशीं आहेत. आणि बहिणीच्या ज्या मोबाइलांत त्या होत्या, तो केव्हांच मोडींत गेला होता. अखेर माळ्यावरच्या एका जुन्या संगणकांत बारा भागांपैकीं सात मिळाले. पांच गेले ते गेलेच.

जी वस्तु सर्वांची, ती सांभाळण्याचें काम कोणाचेंच नसतें. पूर्वींच्या एकत्र कुटुंबांत धान्याची कोठी एक असे. तींतून कोणीं काय काढावें आणि किल्ली कोणाच्या कमरेला असावी, हें ठरलेलें असे. आज घरांत माणसें चार आणि मोबाइल पांच. प्रत्येकांत छायाचित्रें आणि गाणीं भरलेलीं, पण एकाचें दुसऱ्यास ठाऊक नाहीं. म्हणून मीं घरांत एक सामाईक कोठी मांडली. तिला मीडिया सर्व्हर म्हणतात. ती कशी मांडावी आणि कोणत्या चुका टाळाव्या, हें आज आपणांस सांगणार आहें.

सर्व्हर हा शब्द भारदस्त खरा. पण मागेल त्याला मागितलेली वस्तु काढून देणारा संगणक, एवढाच त्याचा अर्थ. घरांतला जुना संगणक या कामीं पुरतो. किंवा २०१२ पासून विकली जाणारी, पत्त्याच्या पानाएवढी रास्पबेरी पाय नांवाची पाटीही पुरते. तिला एक मोठी डिस्क जोडावी. हें यंत्र राउटरला शक्यतों वायरनेंच जोडावें. जाड भिंतींच्या घरांत वाय-फाय अडखळतें आणि चित्रपट थांबत थांबत चालतो. मग राउटरमध्यें त्याला एक कायमचा क्रमांक लावून द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. असे क्रमांक खाजगी जाळ्यांसाठींच राखलेले असल्यामुळें शेजारच्या घरीं तोच असला तरी गोंधळ होत नाहीं. क्रमांक बदलता राहिला, तर आज सांपडलेली कोठी उद्यां सांपडत नाहीं. शिवाय एक यूपीएस असावा. लिहिणें चालू असतां वीज गेली, तर डिस्कवरील मजकूर बिघडूं शकतो.

आतां कोठीचे कप्पे, म्हणजे फोल्डर, सर्वांना दिसावे कसे? हें काम सांबा नांवाची प्रणाली करते. विंडोजचे संगणक आपसांत फोल्डर वांटून घेण्यासाठीं एसएमबी नांवाची भाषा वापरतात. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें शिकत असतां अँड्र्यू ट्रिजेल यांनीं या कामाला आरंभ केला, आणि १९९२ च्या जानेवारींत तें प्रथम प्रसिद्ध केलें. एस, एम आणि बी हीं अक्षरें त्याच क्रमानें ज्यांत येतात असा शब्द शोधतांना सांबा हें नांव निघालें. ती विनामूल्य मिळते.

फोल्डर दिसले कीं गाणीं ऐकतां येतात. पण टीव्हीवर चित्रपट नीट मांडून दाखविण्यास जेलिफिनसारखी प्रणाली लागते. तीही विनामूल्यच. मात्र तिला नांवें शिस्तीनें दिलेलीं लागतात: प्रत्येक चित्रपटाचा फोल्डर वेगळा, आणि नांवापुढें वर्ष. श्यामची आई १९५३ सालीं पडद्यावर आली आणि २०२३ सालींही आली; वर्ष नसेल तर एकीच्या जागीं दुसरी लागते. टीव्हीला चित्रपटाचा प्रकार समजला नाहीं, तर सर्व्हर तो चालतां चालतां बदलून देतो. पण त्यांत दुबळें यंत्र दमून जातें.

एवढी मांडामांड झाल्यावर मीं निश्चिंत झालों, आणि तेथेंच चुकलों. सर्वांना सर्व कप्प्यांत लिहिण्याची मुभा मींच देऊन ठेवली होती. पुतण्यानें आपल्या संगणकावर जागा करण्यासाठीं लग्नाच्या छायाचित्रांचा फोल्डर पुसला. त्याला वाटलें, ही आपली प्रत. ती होती सर्वांची एकमेव प्रत! जाळ्यावरून पुसलेली वस्तु आपल्या संगणकाच्या कचरापेटींत बहुधा जात नाहीं. ती थेट नाहींशी होते. सुदैवानें तीन आठवड्यांपूर्वींची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती.

तेव्हांपासून आमचा नियम असा : पाहण्याचा अधिकार सर्वांना, पुसण्याचा एकालाच. प्रत्येकाला आपापला एक खाजगी कप्पा. सामाईक कप्प्यांत भर घालावयाची असेल तर 'आवक' नांवाच्या फोल्डरमध्यें ठेवावी, आणि सांभाळणाऱ्यानें ती जागच्या जागीं लावावी.

दोन डिस्कांवर एकदमच लिहिण्याची सोय असते. एक निकामी झाली तरी दुसरी काम देते. पण तिला दुसरी प्रत समजूं नये. एकीवर पुसलें कीं दुसरीवरही त्याच क्षणीं पुसलें जातें. खरी प्रत वेगळी काढावी, आणि एक तरी घराबाहेर असावी. आमची नाशिकास बंधूंकडे असते. महिन्याकाठीं ती नवी करतों, आणि उघडून पाहतों. न उघडलेल्या प्रतीवर भरंवसा ठेवूं नये.

शेवटची सूचना. या कोठीचें दार बाहेरच्या इंटरनेटकडे उघडूं नये. २०१७ च्या मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाचा उपद्रव देशोदेशीं पसरला, तो विंडोजमधील जुन्या एसएमबीच्या दोषांतूनच. म्हणून ती जुनी आवृत्ति बंद ठेवावी आणि प्रणाली वेळोवेळीं अद्ययावत करावी. परगांवच्या मुलांना दार हवें असेल, तर व्हीपीएनच्या वाटेनें द्यावें.

श्रोतेहो, यंत्र मांडण्यास मला दोन रविवार पुरले. कोणाच्या हातीं किल्ली द्यावी हें ठरविण्यास त्याहून अधिक वेळ लागला. पण तोच वेळ कामीं आला. ओव्यांचे उरलेले सात भाग आतां 'आई' या फोल्डरमध्यें आहेत, त्यांच्या तीन प्रती आहेत, आणि त्या कोठें आहेत हें घरांतल्या धाकट्या मुलालाही ठाऊक आहे. आपल्या घरीं असा कोणाचा आवाज असेल, तर तो कोणापाशीं आहे, एवढें आज रात्रींच विचारून घ्यावें.